बंद वेशीचं नाणं

"दार उघडा. मी इथलीच आहे."

मित्रांनो, माणसांचे हजारो आवाज माझ्या अंगावरून गेले. भाव करणारे, शिव्या घालणारे, जांभई देत मला गल्ल्यात टाकणारे. ते सगळे विरले. हा एक तेवढा राहिला. एका बाईचा आवाज, भर उन्हातला, हाका मारून मारून बसलेला. अजूनही खोलीत कुणी नसलं, खिडकीतून ऊन टेबलावर उतरलं, की तो येतो. कानाने ऐकू यावा तसा नाही. मला कान नाहीत. दाताखाली खडा यावा तसा तो माझ्या कडेला लागतो.

मी काशाचं नाणं आहे, फार जुनं. वयाचं विचाराल तर अठराशे वर्षांपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. माझ्या एका अंगावर रोमच्या सम्राटाचं तोंड आहे. त्याने आमचं गाव कधी पाहिलं नाही आणि गावाने त्याला. पण त्या काळी दूरच्या लहान गावांनाही आपली स्वतःची नाणी पाडायची मुभा असे. एक अंग सम्राटाचं, ते द्यावंच लागे. दुसरं अंग मात्र गावाचं. त्यावर गावाने मनाला येईल ते कोरावं. कुणी नदी कोरली, कुणी देऊळ, कुणी द्राक्षांचा घड. आमच्या गावाने वेस कोरली. दोन बाजूंना दोन बुरूज, मध्ये कमान, कमानीत भक्कम दोन झडपांचं दार. आणि ते दार बंद.

लोकांना त्या दाराचा अभिमान होता. आमची वेस लुटारूंना कधी उघडली नाही, असं ते बाजारात सांगत आणि मला पालथं करून दाखवत.

माझा जन्म सोपा होता. एक जण चिमट्यात तापलेली चकती धरायचा, दुसरा वरून ठसा ठेवून हातोडा हाणायचा. एका घावात मला तोंड आलं, पाठीला गाव आलं. अजून गरम होतो तोच टोपलीत पडलो, भावंडांच्या अंगावर. मग बाजार. मासळीच्या पाटीशेजारी मी असायचो, नावाड्याच्या कमरेला असायचो, तेलकट बोटांत, ओल्या बोटांत, तान्ह्या मुलाच्या तोंडातसुद्धा गेलो आणि आईने बोट घालून बाहेर काढलं. झिजलो थोडा. झिजणं म्हणजे माणसांत असणं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मग तापाचं वर्ष आलं.

त्या दिवशी मी एका विणकरणीच्या पदराच्या गाठीत होतो. ती लोकर धुवायला नदीवर गेली होती. लोकर पिळून, डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि वेस बंद होती. दुपारी वेस कधी बंद नसायची. आत कुणीतरी ठरवलं होतं की ताप बाहेरून येतो आणि म्हणून बाहेर राहिलेल्यांना आत घ्यायचं नाही.

तिने आधी हाक मारली. मग हाताने दार वाजवलं. हाताचा आवाज जाड लाकडात पोचेना, तेव्हा तिने गाठ सोडली, मला चिमटीत धरलं आणि माझ्या कडेने दार ठोठावू लागली. टक्, टक्, टक्. माझ्या कडेला एका जागी बारीकसा पोचा आहे, पाहणारे त्याला झीज समजतात. तो त्या दाराचा आहे.

दाराला कान लावून आत कुणीतरी उभं होतं. मला कळत होतं, कारण लाकूड श्वासाने गरम होत होतं. बाहेर ती आणि आत ते, मध्ये चार बोटं लाकूड. तिने हाक मारली की आतला श्वास थांबायचा. ती थांबली की तो पुन्हा सुरू व्हायचा. तीन दिवस हे चाललं. मग तिची मूठ माझ्याभोवती मिटली. ती तिने उघडली नाही. पुढे कधीतरी मातीनेच उघडली.

मातीत काळ चालत नाही, तो बसून राहतो. माझ्या अंगावर हिरवा थर चढला, पाण्याने आणि मिठाने आणि अंधाराने विणलेला. लोक त्याला मळ म्हणतात. ती माझी कातडी आहे, मित्रांनो. तिच्याखाली सम्राट झोपला, बुरूज झोपले, दारही झोपलं. मला वाटलं, आता झालं. बंद होतं ते बंद राहिलं.

पण माणसांना चर खणायचे असतात. फावड्याबरोबर मी वर आलो, एका हातातून दुसऱ्या हातात गेलो आणि शेवटी जुन्या नाण्यांच्या एका मेळाव्यात, माझ्यासारख्याच तीस हिरव्या गोळ्यांबरोबर एका कापडी पिशवीत जाऊन पडलो. तिथे मला चष्मेवाल्यांनी निवडलं.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासल्या आणि म्हातारपणी स्वतःला दिसावं म्हणून जुनी नाणी गोळा करू लागले. त्यातही सोन्याचांदीचं वेड नाही. आमच्यासारखी, लहान गावांची, काशाची. ते म्हणत, "राजाचं नाणं कुणीही सांभाळेल. या गावांना कोण आहे?" त्या दिवशी मेळाव्यात ते दुपारी निघणार होते. पण गोळे निवडता निवडता, प्रत्येकाला उन्हात धरून कड बघता बघता, संध्याकाळ झाली. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो. ते शीळ घालत घरी आले.

घरात माणसं उभी होती. बसायला खुर्च्या असताना माणसं उभी असली की काय समजायचं ते चष्मेवाल्यांना समजलं. त्यांच्या बायकोचं हृदय दुपारी थांबलं होतं. झोपेतच, डॉक्टर म्हणाले.

चष्मेवाल्यांची धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहते. पितळी पाट्यांवर आणि बक्षिसाच्या कपांवर नावं कोरायचा तिचा धंदा. हातात कायम अणकुचीदार सुई, आणि जीभही त्या सुईच्याच माहेरची, म्हणून लहानपणापासून तिला घरात 'टोच्या' म्हणतात. भाऊ कोटसुद्धा न काढता तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एकच विचारलं.

"माझी वाट बघत होती का ती? दारात?"

टोच्याने एकदा दाराकडे पाहिलं.

"हो दादा. दारातच होती."

"किती वेळ?"

"बराच वेळ."

तिला वाटलं असेल, यातून त्याला आधार मिळेल. पण मी खिशात होतो. त्याचा हात खिशात शिरला आणि पिशवीसकट आम्हाला आवळून राहिला. तसली मूठ मला ओळखीची होती.

वर्षभर पिशवी कपाटाच्या तळाशी पडून राहिली. चष्मेवाले खिडकीपाशी बसायचे आणि उघड्या दाराकडे बघायचे. जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. हसायचे मात्र नाहीत. शेवटी टोच्याच एक दिवस पिशवी घेऊन आली आणि टेबलावर रिकामी केली.

"या लोकांचं काय पाप आहे? वर्षभर आंघोळ नाही त्यांना."

"राहू दे ग."

"तू नको हात लावू. मी करते. मला फक्त भिंग दे, आणि तोंड असं पाडून बसू नकोस, नाण्यांना वाटेल सुतक आहे."

तिने आम्हाला शुद्ध पाण्याच्या बरण्यांत बुडवलं. दर आठवड्याला पाणी बदललं. महिनाभराने माती सुटली. मग एकेकाला भिंगाखाली घेऊन ती सुईच्या टोकाने हिरवा थर काढू लागली. ती काम करताना स्वतःच जोडलेल्या ओळी गुणगुणते. त्यातली एक मला पाठ आहे:

माझ्या सुईला गं डोळा, त्याला दिसेना अंधार
किती काढू मी गं माती, खाली कुणाचं गं दार

माझी पाळी आली. बुरूज बाहेर आले, कमान आली. चष्मेवाले खुर्ची ओढून शेजारी बसले. "अरे, वेस आहे," ते म्हणाले. "टोच्या, हे कमानीतलं मोकळं कर बरं. सावकाश. गावाने नाण्यावर स्वतःचं दार कोरलंय म्हणजे काय थाट बघ. आपल्या गल्लीने कोरायचं म्हटलं तर काय कोरतील?"

"गळका नळ."

आणि ते हसले. वर्षात पहिल्यांदा. टोच्याने मान वर केली नाही, पण सुई क्षणभर थांबली होती, ते मला जाणवलं.

या कामाची एक रीत असते, मित्रांनो. हिरवं गेलं की तांबूस लागतं. तांबूस दिसलं की हात थांबवायचा. त्याच्या खाली पिवळं चमकलं, तर समजायचं की सुई धातूत शिरली, आणि ती गोष्ट परत फिरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टोच्या एकटीच माझ्यावर काम करत होती. दाराच्या झडपांवर थर कडक होता. तिने जरा जोर लावला आणि नेमकी बाहेरची बेल वाजली.

सुई घसरली. दोन्ही झडपांना कापत एक पिवळी रेघ गेली.

बेल पोस्टमास्तरांची होती. तेही निवृत्त, तेही नाणीवेडे, दर रविवारी चष्मेवाल्यांकडे येणारे. बाहेर भाऊ दार उघडतोय, "या, या, तुम्हाला एक वेस दाखवायची आहे" म्हणतोय, त्याच्या आवाजात कालचं हसू अजून आहे, आणि आत टोच्याच्या हातात झडपा चिरलेला मी. तिच्या हाताला कोरायची सवय. चुकलेली रेघ पाटीवर राहू द्यायची नसते, तिचं अक्षराचं वळण करून टाकायचं असतं, हे ती तीस वर्षं करत आली होती. हात आपला आपणच चालला. डोक्याची एक गोल रेघ ओढली. घसरलेल्या रेघेचाच पाठीचा उतार. एक हात. तीन रेघा. मग पाटीवरची अक्षरं काळी करायचं औषध काडीने लावलं, आणि पिवळं विझलं.

मित्रांनो, माझ्या अंगावर अठराशे वर्षं जे दार बंद होतं, ते त्या दुपारी उघडलं. बाहेरच्यांना दिसलं ते एवढंच, की कमानीत एक बाई उभी आहे, पाठमोरी. पण मला आतून कळलं. वारा यावा तसं काहीतरी माझ्या आरपार गेलं. कुणीतरी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि तिथेच थांबलं. रेघा टोच्याच्या होत्या. जी येऊन उभी राहिली ती टोच्याची नव्हती. तिच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास होता.

चष्मेवाल्यांनी मला भिंगाखाली घेतलं. मग मला उन्हाकडे फिरवून पुन्हा पाहिलं.

"टोच्या. दारात कुणीतरी आहे."

पोस्टमास्तरांनी वाकून पाहिलं आणि भुवया चढवल्या. "गंमतच आहे. हे नाणं माझ्याकडेही आहे. याच ठशाचं, बुरुजाला हीच चीर. पण माझ्या नाण्यावर दार बंद आहे."

"मग तुमच्याकडे ती अजून आली नसेल," चष्मेवाले म्हणाले. पोस्टमास्तर विनोद समजून हसले. चष्मेवाले हसले नव्हते.

माझ्यासाठी लाकडी पेटीत, मखमल लावलेल्या गोल खाचेत जागा झाली. खाली चिठ्ठी ठेवली गेली. चष्मेवाल्यांच्या बारीक अक्षरात तिच्यावर माझं वजन आहे, माझी रुंदी आहे आणि शेवटी लिहिलंय, 'वेशीच्या दारात स्त्री. इतरत्र आढळत नाही.' किती कौतुक झालं माझं. लांबून लांबून माणसं पाहायला आली. टोच्या त्यांच्यासाठी चहा आणायची आणि माझ्याकडे न बघता कप ठेवून जायची.

दोन-चार दिवसांत भाऊ ओळखेल, असं तिला वाटलं होतं. ज्याने आयुष्यभर काचेतला केसभर दोष पकडला, त्याला बहिणीच्या हाताची रेघ ओळखू येणार नाही? पण माणूस ज्या नजरेने हरवलेलं शोधतो, त्या नजरेला दोष दिसत नाही. पुढे दिवसांचे महिने झाले, आणि आता हे सांगायचं कसं, यापेक्षा इतके दिवस का नाही सांगितलं याची भीती मोठी झाली.

चार वर्षं गेली. रोज दुपारी, ऊन टेबलावर आलं की चष्मेवाले मला बाहेर काढतात. कडेने धरतात, कारण बोटांचा घाम आम्हाला बाधतो. सगळ्यात जाड भिंग घेतात आणि कमानीत बघत बसतात. सुरुवातीला नुसतं बघत. मग बोलायला लागले.

"आज जरा उशीर झाला मला," ते म्हणतात. किंवा, "पाय दुखत असतील. बस ना थोडी."

आणि मित्रांनो, त्या उंबऱ्यावर उभी असलेली ऐकते. मला ते जाणवतं. तिला कुणी नावाने हाक मारली नाही कधी, कुणी उशिराबद्दल चुकचुकलं नाही. तिच्यासाठी तर दार उघडलंच नव्हतं. आता कुणीतरी रोज दुपारी येऊन तिच्या पाठीशी मऊ आवाजात बोलतं. कुणाशी बोलतंय ते तिला ठाऊक नाही. पण आवाज आला की माणूस वळतं. तीही वळू लागली.

आधी ते टोच्याच्या लक्षात आलं. ती पेटी पुसायला आली होती. रात्री मला सम्राटाच्या अंगाने वर ठेवलं, तरी सकाळी वेस वर असते, हे तिने दोन-तीनदा पाहिलं होतं आणि दादाच उठून बघत असेल असं स्वतःला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने भिंग घेतलं. आपल्याच हाताचं काम, ते काय विसरतं कुणी? डोकं, पाठ, हात.

डोक्याच्या कडेला गालाची एक रेघ होती.

तिने तीन मारल्या होत्या. आता चार होत्या. चौथी कुणाची, ते मलाही सांगता येणार नाही. थर झडला असेल. धातू आत आत फुटत असेल, आम्हा जुन्या काशांना तसा रोग होतो. टोच्याने मला खाचेत ठेवलं, पेटी बंद केली आणि ती किती तरी वेळ पाठ भिंतीला लावून उभी राहिली.

इकडे चष्मेवाल्यांचे डोळे जात होते. तरी जाड भिंगातून, चकाकत्या उन्हात, तासन् तास बघणं चालूच. डाव्या डोळ्याला आधीच काचबिंदू होता आणि तो आता नावाला उरला होता. उजव्यातलं पाणी दाब धरत चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई त्यांच्याच दुकानात लहानपणी पहिला चष्मा घेतलेल्या. त्यांनी समोर बसवून सांगितलं, "काका, गुरुवारी शस्त्रक्रिया करू. लांबवलंत तर हा डोळाही माझ्या हातात राहणार नाही. नंतर महिनाभर भिंग नाही, खाली वाकणं नाही, उन्हात बघणं नाही."

"महिनाभर?" चष्मेवाले म्हणाले. "मग नाही जमायचं."

पोस्टमास्तरांनी टोच्याला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मी पत्रांवरचे शिक्के चाळीस वर्षं ओळखले. एकाच ठशाची दोन नाणी, आणि एकाचं दार उघडं? मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. बोललो नाही, कारण तो हसायला लागला होता. पण आता बोला तुम्ही."

"त्याची बायको दुसऱ्यांदा काढून घेऊ त्याच्याकडून?"

"मग डोळा जाऊ द्या."

टोच्या जिना उतरून गेली. एरवी तिच्याकडे प्रत्येक वाक्याला टोचणी तयार असते.

आज गुरुवार आहे, मित्रांनो. दाराशी भरून ठेवलेली पिशवी, टॉवेल, कपडे, दवाखान्याचे कागद घातलेली, आता दाराशी नाही. दोघं भावंडं सकाळीच निघाली. ती पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून तो मागे. मला पेटीत ठेवलेलं नाही, टेबलावरच आहे मी, सम्राटाच्या अंगाने वर. घरात मी एकटाच आहे. म्हणजे, आम्ही दोघं. तिचं तोंड खाली, टेबलाच्या लाकडाला लागलं आहे. अधूनमधून त्या लाकडाला ऊब लागते, श्वास लागावा तशी.

म्हणून घाईने सांगतो. जुनी वस्तू हाती आली, तर तिला चकचकीत करायचा हट्ट धरू नका. तिला कोरडी जागा द्या, मऊ कापड द्या, आणि ती जितकी दिसते तितकीच दिसू द्या. थराखाली काय आहे ते प्रत्येक वेळी कळायलाच हवं असं नाही. आणि तुमच्या हातून ओरखडा गेलाच, तो जातो, चांगल्या चांगल्यांच्या हातून जातो, तर तो ओरखडा म्हणूनच राहू द्या. आपल्या माणसाला दाखवा आणि म्हणा, चुकलं. त्याचं चित्र करू नका. चित्राला कुणीतरी राहायला येतं.

आता काल दुपारचं सांगतो आणि थांबतो.

ऊन टेबलावर आलं होतं. चष्मेवाल्यांनी मला धरलं होतं, भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटलेलं. टोच्या पिशवीत कपडे भरत होती.

"ते काढून ठेव," ते म्हणाले. "मी उद्या येत नाहीये."

"दादा, त्या काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण ती वळायला आलीय, टोच्या. गाल दिसतो. अजून थोडे दिवस, की तोंड दिसेल. आणि नेमका मी महिनाभर तिथे नसेन? एकदा मी नव्हतोच."

टोच्या येऊन समोर बसली. तिने हात पुढे केला आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं. कडेने नाही. सबंध तळव्यात, मुठीत. संग्रह करणाऱ्याच्या घरात हे कुणी करत नाही, आणि त्याने तोंड उघडलंही, पण ती आधी बोलली.

"ही वहिनी नाही, दादा. ही मी कोरली."

त्याने भिंग खाली ठेवलं.

"पोस्टमास्तरांनी बेल वाजवली आणि सुई घसरली. दार चिरलं माझ्या हातून. तू आदल्या दिवशी हसला होतास. वर्षाने. मला तुला चिरलेलं दार दाखवायचं नव्हतं. म्हणून त्याचं माणूस केलं. डोकं, पाठ, हात. तीन रेघा. नंतर रोज सांगीन म्हटलं आणि रोज राहिलं."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. चाकाची साखळी कुरकुरत लांब गेली.

"तीन?" चष्मेवाले म्हणाले.

"तीन."

"मोज." त्यांनी भिंग तिच्यापुढे सरकवलं.

तिने मूठ उघडली. भिंग धरलं. तिचे ओठ हलताना मला खालून दिसत होते. एकदा मोजून तिने पुन्हा मोजल्या. मग तिने भिंग टेबलावर ठेवलं आणि आकडा सांगितला नाही.

"बघ," ते म्हणाले, अगदी हळू, समजूत घालावी तसे. "तुझ्या हाताने आली असेल. पण आली. ती दारात माझी वाट बघत होती आणि मी गोळे निवडत बसलो होतो. अजून उभीच आहे ती. तूच सांगितलंस मला. बराच वेळ, म्हणालीस."

मी टोच्याच्या तळव्यावर होतो. माझ्या उंबऱ्यावर उभी असलेली ऐकत होती. चष्मेवाले ऐकत होते. टोच्याने मला पालथं केलं, वेस खाली गेली, आणि मग ती बोलली. भावाकडे बघून, एकेक शब्द पाटीवर कोरावा तशी.

"मी खोटं सांगितलं होतं. तू तेव्हा तसा उभा होतास, मला दुसरं काही सुचलं नाही. ती दारात नव्हती, दादा. तू गेल्यावर आम्ही दोघी चहा घेत बसलो. तिने तुझी नक्कल केली, नाणं उन्हात धरून तू नाक कसं वर करतोस त्याची, आणि इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला तिला. म्हणाली, आज काही हा संध्याकाळशिवाय येत नाही, निवडू दे त्याला सुखाने. मग म्हणाली, मी जरा पडते, वारा येतोय, दार लावून घे. मी लावलं. कडीसुद्धा घातली. तुझी वाट बघत कुणी उभं नव्हतं. ती झोपली होती."